व्याह्यांच्या माशांचा रिपोर्ट

मी आयुष्यभर लोकांचं रक्त पाहिलं. सरकारी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ होते, आणि त्यातही माझ्या वाट्याला आला हिवताप. बोट पुसायचं, टोचायचं, काचेवर थेंब घ्यायचा, पसरायचा, वाळवायचा, रंगवायचा आणि मग डोळा नळीला लावून पेशींच्या गर्दीत तो चोरटा जंतू हुडकायचा. शंभर फील्ड, म्हणजे नळीत एका वेळी दिसणारे काचेवरचे शंभर तुकडे, पाहिल्याशिवाय निगेटिव्ह लिहायचं नाही, असं मला शिकवणाऱ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. मी शंभरावर वीस जास्तीची पाहायची. माझ्या रिपोर्टवर डॉक्टर दुसऱ्यांदा विचारायला यायचे नाहीत. खोटं कशाला बोलू, मला त्याचा गर्व होता.

निवृत्त झाल्यावर एका बंद पडलेल्या खासगी लॅबचा जुना मायक्रोस्कोप मी विकत घेतला. बिनदिव्याचा, खाली आरसा असलेला, उन्हाकडे तोंड करून बसावं लागतं असा. लेक म्हणाली, आई, बाकीच्या बायका निवृत्तीनंतर बांगड्या करतात. मी म्हटलं, त्यांनी कराव्यात. जुळे सोलापुरातल्या माझ्या फ्लॅटच्या गॅलरीत सकाळचं ऊन चांगलं येतं. तिथं बसून मी दही पाहिलं, कुंडीतली माती पाहिली, कूलरच्या टाकीतलं पाणी पाहिलं. ते पाहिल्यावर शेजारच्या तिन्ही बिऱ्हाडांना कूलर धुवायला लावले. त्यामुळे माझी लोकप्रियता काही वाढली नाही.

लेक आणि जावई माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहतात. व्याही, म्हणजे लेकीचे सासरे, मात्र अक्कलकोटच्या पुढं, कर्नाटकाच्या हद्दीला टेकलेल्या एका वाडीवर एकटेच असतात. विहीणबाई लवकर गेल्या. आम्ही दोन्ही घरची माणसं मूळची मेंढपाळच, पण माझ्या वडिलांनी चादरीच्या कारखान्यात नोकरी धरली आणि आमच्या घरातून मेंढरं एका पिढीत नाहीशी झाली. व्याह्यांनी जन्म मेंढरांमागं घालवला. वर्षातले आठ महिने चालायचं, रात्री कुणाच्या तरी रानात कळप बसवायचा, सकाळी पुढं निघायचं. मग गुडघे गेले. कळप त्यांनी धाकट्या भावाच्या हवाली केला, जो आता लांब न जाता वाडीच्या आसपासच चारतो, आणि स्वतः घरी बसले.

जावई वडिलांच्या काळजीनं हैराण झाले होते. त्यांनी फ्लॅटची तिसरी खोली वडिलांसाठी रंगवून घेतली. व्याही दोनदा येऊन राहिलेही. दोन्ही वेळा तिसऱ्या दिवसापासून ते गॅलरीत उभे, हात लोंबकळत सोडलेले, खाली रिक्षांची ये-जा पाहतायत. "हितं राखायचं काय?" असं त्यांनी माझ्या लेकीला विचारलं होतं.  

वाडीवर डाळिंबाच्या बागेसाठी शेततळं खोदलेलं होतं, काळा प्लॅस्टिकचा कागद अंथरलेलं. त्यात मासे पाळता येतात हे व्याह्यांना बाजारात कुणीतरी सांगितलं, आणि त्यांनी पावसाळ्यात रोहू, कटला आणि मृगळ यांची बोटुकली आणून सोडली. बोटुकली म्हणजे बोटाएवढी पिल्लं. मग मुलाशी सरळ करार केला. हे एक वर्ष मी मासे राखून बघतो. जगले तर मी इथंच. नाहीतर तुम्ही म्हणाल तिथं येतो, पुन्हा कुरकुर करणार नाही. जावई हो म्हणाले. मासे जगणार नाहीत अशी त्यांची खात्री असावी, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं.

व्याही माशांना मेंढरांसारखंच राखत. सकाळी काठी घेऊन बांधावर जायचे आणि "बर्री, बर्री" अशी हाक घालायचे. कानडीत हे मानानं बोलावणं झालं, "या, या" म्हटल्यासारखं. जनावरांशी ते कानडीच बोलत. मराठी फक्त माणसांसाठी. त्या हाकेला मासे खरंच कडेला यायचे. अर्थात पेंड आणि कोंडा हातात असल्यावर कोण येणार नाही? पण व्याह्यांचा चेहरा असा काही खुलायचा की मी ही शंका कधी बोलून दाखवली नाही.

आता आमच्या दोघांमधली एक रीत सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. व्याही माझ्याशी थेट बोलत नसत. जुन्या वळणाचा माणूस. विहीण म्हणजे मानाची पाहुणी, तिच्यासमोर नजर खाली आणि बोलणं सुनेच्या मार्फत. मी समोर बसलेली असताना ते सुनेला सांगायचे, "ईनबाईस्नी आजून भाकरी वाढ." मी म्हणायची, "आप्पांना सांग, पोट भरलं." लेक मधे बसून हसू दाबायची. आणि दुसरी गोष्ट म्हणजे विहिणीचा शब्द खोडायचा नाही. मी एकदा ताटातली शेंगाची चटणी तिखट नाही म्हटलं, तर त्यांनी डोळ्यात पाणी आलेलं असताना मान डोलावली होती.

संक्रांतीनंतर, ऐन थंडीत, मासे बिघडले. पेंडीला येईनात. पहाटे पाण्याच्या तोंडाशी येऊन तोंडं उघडझाप करायचे. अंगावर करडी साय धरल्यासारखी दिसायची. रोज दोन-चार उलटे तरंगू लागले. त्या रविवारी जावई वाडीवर गेले होते, येताना त्यांनी प्लॅस्टिकच्या कॅनमधून दोन मासे आणले. एक वाटेत मेला होता, दुसरा तग धरून होता. व्याह्यांचा निरोप असा की ईनबाई जंतू बघतात, तर एवढं बघून द्यावं.

मला कोण आनंद झाला म्हणून सांगू. कितीतरी दिवसांनी कुणीतरी माझ्याकडे नमुना पाठवला होता. गॅलरीत टेबल मांडलं, ओट्यावरचे डबे बाजूला सारून रंगाच्या बाटल्या काढल्या. जिवंत मासा ओल्या फडक्यावर ठेवला. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून त्याचं अंग कल्ल्यापासून शेपटीपर्यंत स्वच्छ पुसलं, अगदी दवाखान्यात बोट पुसायची तसं. मग शेपटीजवळ टोचून थेंब घेतला, पसरला, वाळवला, रंगवला. माशाच्या तांबड्या पेशीत केंद्रक असतं, माणसाच्या पेशीत नसतं. ते लंबगोल दाणे, मधोमध जांभळा ठिपका, इतकं देखणं होतं की मी लेकीला हाक मारून दाखवलं. शंभर फील्ड पाहिली. वर वीस पाहिली. एकही परजीवी नाही. सवयीनं एका कागदावर तारीख घातली, "निगेटिव्ह" लिहिलं, खाली सही केली आणि कापूस केराच्या डब्यात टाकला.

वाडीकडे जाणाऱ्या एका माणसाबरोबर पाठवलेला तो रिपोर्ट व्याह्यांनी देवाच्या फोटोमागं खोचून ठेवला, असं नंतर कळलं.

चार दिवसांनी संध्याकाळी मी लेकीकडे भाजी निवडत बसले होते. व्याह्यांचा रोजचा फोन आला. ती स्पीकरवर टाकून पोळ्या लाटत होती. मासे मरतच होते, आता दिवसाला दहा-बारा. पण व्याह्यांचा आवाज उतरलेला नव्हता. त्यांनी उपाय शोधला होता. ते म्हणाले, मासे तळ्याच्या कागदाला अंग घासतायत, मेंढरू बाभळीला घासतं तसं. ईनबाईंनी रक्त पाहिलं, रक्त चांगलं आहे. मग उरलं काय? "म्हंजे रोग कातड्याचाच की," ते म्हणाले. कातड्याच्या रोगाला औषध घरातच होतं. मेंढरांना गोचीड-खरूज झाली की ज्या औषधाच्या पाण्यातून बुडवून काढतात, त्याची अख्खी बाटली. सकाळी ती तळ्यात ओतायची, असं त्यांनी ठरवलं होतं.

माझ्या हातातली मेथीची जुडी तशीच राहिली. दवाखान्यात असताना आम्ही मच्छरदाण्या औषधात बुडवून वाटायचो. त्याबरोबर एक सूचना तोंडपाठ सांगावी लागे: या मच्छरदाण्या ओढ्यात, तळ्यात धुवू नका, मासे मरतात. मी लेकीला खुणेनं बाटलीवरचं नाव विचारायला लावलं. व्याह्यांनी चष्मा लावून एकेक अक्षर वाचलं. मच्छरदाण्यांच्या औषधाचंच कुळ. त्यातलं टोपणभर औषध पडलं असतं, तरी त्या तळ्यात सकाळनंतर शेपूट हलवणारं काही उरलं नसतं.

आणि त्याच क्षणी दुसरं एक लख्ख कळलं, त्यानं तर कानशिलं तापली. व्याह्यांचा तर्क बरोबर होता. हिवतापानं माणूस कुडकुडतं, खाजवत नाही. मासे अंग घासत होते, म्हणजे रोग अंगावर होता. आणि ते अंग मी स्पिरिटनं पुसून काढलं होतं. जन्मभर रक्त पाहिलं म्हणून माशाचंही रक्तच पाहिलं. रोग कापसात होता, तो मी केरात टाकला आणि सही मात्र ठोकून दिली.

मी लेकीच्या हातून फोन घेतला. "आप्पा, मी बोलतेय. बाटली उघडू नका. माझा रिपोर्ट चुकला."

पलीकडे बाटली खाली ठेवल्याचा आवाज झाला. मग, "तुमचं कसं चुकंल, ईनबाई?"

मी समजावून सांगितलं. कापूस, स्पिरिट, सगळं. ते "व्हय, व्हय" म्हणत होते, पण त्यातला अर्थ मला कळत होता: विहीण मोठ्या मनानं स्वतःकडे कमीपणा घेतेय. माझा शब्द खोडायचा नाही हे व्रत त्यांनी इतकं पाळलं होतं की माझा चुकलेला शब्दही ते मलाच खोडू देईनात. असा राग आला मला. शेवटी एकच गोष्ट पदरात पाडून घेतली. उद्या सकाळी मी स्वतः येते, तोवर बाटलीला हात लावायचा नाही. पाहुणी येणार म्हटल्यावर ते हो म्हणाले.

जावयांनी दुसऱ्या दिवशी रजा टाकली. गाडीत मायक्रोस्कोपची पेटी मांडीवर घेऊन मी मागं बसले.  अक्कलकोट ओलांडल्यावर जावई म्हणाले, की आई, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, मासे नाही जगले तरी आप्पांची सोय आपल्याकडे आहेच. मला ते बोलणं लागलं. सोय होती, हे खरंच होतं. पण मी तो माणूस गॅलरीत उभा राहिलेला पाहिला होता, आणि माझ्या एका सहीमुळे त्याला तिथं यावं लागणार असेल तर मला पुन्हा नळीला डोळा लावायची लाज वाटली असती.

बांधावर व्याह्यांनी बाज टाकून ठेवली होती, वर धुतलेली सतरंजी. चहा, भाकरी, सगळा पाहुणचार तयार. मी म्हटलं, आधी मासा. बाजेवरच मायक्रोस्कोप मांडला, आरसा उन्हाकडे फिरवला. व्याह्यांनी हातजाळीनं एक रोहू काढला. या वेळी पुसायचं काही नव्हतं. काचेच्या पातळ तुकड्याची कड कल्ल्यामागून शेपटीकडे हलकेच ओढली, निघालेली बुळबुळ तळ्याच्याच पाण्याच्या थेंबात ठेवली, वर काच टाकली आणि पाहिलं. रंग नाही, वाळवणं नाही. मला उघड्यावर आल्यासारखं वाटत होतं.

ते तिथंच होते. शोधायलाच नको. गोल, बशीसारखे, कडेला बारीक केसांची झालर आणि आत दातेरी कडं. गिरणीतल्या चाकासारखे गरगर फिरत इकडून तिकडे जात होते. एकाच फील्डमध्ये वीस-पंचवीस तरी असतील. इतके देखणे आणि इतके बेदरकार, की मला त्यांचा संतापही आला आणि हसूही.

मी व्याह्यांना बोलावलं. आधी त्यांना स्वतःच्या पापण्याच दिसल्या. मग मी बाजेच्या बाजूला सरकले, नळी त्यांच्या उंचीला लावून दिली. ते बराच वेळ वाकून राहिले. गुडघे दुखत असणार, पण उठले नाहीत. उठले तेव्हा त्यांचा आवाज बारीक झाला होता. "ह्यानी खाल्लं व्हय माझ्या माशांस्नी," ते म्हणाले.

माझ्याबरोबर काम केलेल्या एका बाईंची मुलगी मत्स्यशास्त्र शिकवते. नळीला मोबाइल लावून जावयांनी चित्रफीत काढली आणि तिला पाठवली. पाचच मिनिटांत तिचा फोन. ट्रायकोडिना म्हणतात याला, म्हणाली. रक्तात जात नाही, कातडीवर आणि कल्ल्यांवर राहतो. थोडे असले तर मासा दाद देत नाही, पण पाण्यात घाण वाढली की हे बेसुमार वाढतात. मग तिनं विचारलं, तळ्यात नक्की काय काय पडतं?

व्याही अभिमानानं पुढं झाले. भावाचा कळप ते दर आठवड्याला दोन रात्री तळ्याच्या बांधावर बसवत होते. लेंडी, मूत, सगळं उतारानं पाण्यात. वर पुन्हा पाट्या भरभरून लेंड्या स्वतः टाकायचे. माशांनी उपाशी राहू नये म्हणून.

 थोडं शेणखत चालतं, पण हे फार झालं, पहिलं काम ते बंद करायचं, असं फोनवरची मुलगी हळूच म्हणाली.

मी व्याह्यांकडे पाहिलं. ज्यांच्या रानात मेंढरं बसवायला लोक धान्य द्यायचे, पाटील-देशमुख मिनतवाऱ्या करायचे, त्या माणसाला ही लेंडी घाण आहे असं कुणी तोंडावर सांगितलं नव्हतं. त्यांच्याकडे होतं त्यातलं सगळ्यात चांगलं त्यांनी माशांना दिलं होतं. त्यांचा चेहरा पाहवेना. या वेळी सून मधे नव्हती, ती शाळेत शिकवायला गेली होती. ते माझ्याशीच बोलले.

"लेंडीनं कुणाचं वाईट झालेलं मी ऐकलं न्हाय, ईनबाई. लेंडी म्हंजे सोनं."

"माझं रक्तही सोनंच होतं, आप्पा. जन्मभर त्याच्याकडे पाहून पोट भरलं. म्हणून तर कातडी पाहायची अक्कल सुचली नाही. जे येत होतं ते मी केलं आणि चुकले. तुम्हीही तेच केलंत. माझं चुकलं हे तुम्ही कबूल केलंत तर मला बरं वाटेल."

ते खाली बसले. काठीनं माती उकरत राहिले. जावई काही बोलायला निघाले, त्यांना मी डोळ्यानं थांबवलं. शेवटी व्याही म्हणाले, "चुकलं. तुमचं बी आन माजं बी." आणि उठून, दोन रानं पलीकडे असलेल्या भावाला त्यांनी कानडीत हाळी दिली. मला तेवढी कानडी कळते: मेंढरं इकडे आणू नको, तू मात्र ये.

पुढच्या दोन दिवसांत जे झालं त्यात मला शिकवायला काही उरलंच नाही. त्या मुलीनं सांगितलेला उपाय होता मिठाच्या पाण्याचा: शंभर लिटर पाण्यात दोन किलो खडे मीठ, त्यात मासे थोड्या वेळापुरते बुडवायचे आणि परत चांगल्या पाण्यात सोडायचे. ती सांगत असतानाच व्याही ताठ झाले. हे त्यांचं काम होतं. कळपच्या कळप औषधाच्या पाण्यातून एकेक करून काढणं त्यांनी चाळीस वर्षं केलं होतं. बदललं होतं ते फक्त पाण्यातलं औषध. मेंढरं बुडवायचं मोठं पिंप, त्यांच्या भाषेत टिपाड, ते नको, त्याला जुनं औषध लागलेलं असेल, असं मी म्हणायच्या आत ते म्हणाले. घरातलं धान्याचं नवं टिपाड रिकामं झालं.

भाऊ जाळं ओढायचा, जावई पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरले, आणि व्याही टिपाडापाशी. घड्याळ माझ्या हातात होतं, पण ते घड्याळाकडे बघतच नव्हते. माशाच्या अंगाकडे बघायचे. एक मासा जरा कलंडू लागला की "काड, काड" म्हणायचे आणि तो घोळका बाहेर. कुठला किती सोसेल, हे त्यांना नुसतं पाहून कळत होतं. मी दोनदा वेळ सांगितली, मग घड्याळ पिशवीत ठेवून दिलं. काही मासे टिपाडातच गेले. व्याह्यांनी ते बाजूला काढून ठेवले आणि संध्याकाळी बागेत पुरले.

खरी अडचण पाण्याची होती. तळ्यातलं अर्धं पाणी काढून ताजं भरायला हवं होतं, आणि त्या भागात जानेवारीतलं पाणी म्हणजे काय, हे मी सांगायला नको. बोअर दिवसातून तासभर चालायचं. व्याही हे मुलाला विचारायला धजेनात. ते नुसते पाइपाकडे बघत होते. जावई चिखलात उभे होते. त्यांनी बापाकडे पाहिलं, मग बागेकडे, आणि म्हणाले, हे पाणी बागेला सोडू, डाळिंबांना लेंडीचं पाणी चांगलंच मानवेल. बोअरचं हळूहळू भरत राहू. त्यांनी स्वतः मोटार चालू केली. हिरवंगार पाणी सरीतून डाळिंबांच्या बुडाशी निघालं, आणि त्या सरीवर व्याही असे उभे राहिले जणू लेंडीची इभ्रत राखली गेली.

तिसऱ्या दिवशी सात मेले. चौथ्या दिवशी पाच. रोज संध्याकाळी फोन यायचा आणि व्याही आकडा सांगायचे. एकदा पुन्हा नऊ झाले, त्या रात्री मला जेवण गेलं नाही. त्या मुलीनं सांगितल्याप्रमाणे विहिरीत टाकतात ती जांभळी पूडही थोडी, मोजून, दिली. मग एक दिवस तीन, एक दिवस एक. मग एका संध्याकाळी लेकीनं आकडा विचारला तर व्याही म्हणाले, आज पेंड कमी पडली.

मी दर पंधरवड्याला पेटी घेऊन जाऊ लागले. आधी जावयांच्या गाडीतून, मग एसटीनं. वाडीच्या आसपास आणखी तीन शेततळ्यांत मासे आहेत, हे मला तेव्हाच कळलं. त्यांचे मालकही कॅन घेऊन येऊन बसायचे. व्याही त्यांना आधीच दम भरून ठेवायचे, की मासा पुसून आणायचा नाही, मेलेला आणायचा नाही, आणि तळ्यात काय काय टाकता ते ईनबाईंना खरं सांगायचं. मला तर हसू यायचं. दवाखान्यात एवढा शिस्तीचा शिपाई मला कधी मिळाला नव्हता.

मार्चमधल्या एका सकाळची गोष्ट. ऊन कडक होऊ लागलं होतं, त्यामुळे आरसा जरा तिरका धरावा लागत होता. जावईही आले होते, बाजेच्या कडेला बसून बूट काढत होते. पाच मासे पाहिले. चौघांच्या काचेवर काही नाही. पाचव्यावर दोन चाकं, निवांत फिरणारी. मी तसं सांगितलं.

"सगळी जाणार न्हाईत व्हय?" व्याह्यांनी विचारलं.

मी म्हटलं, नाही जाणार. थोडी राहणारच. पाणी चांगलं असेल तर मासा त्यांना पुरून उरतो.

व्याह्यांनी पाचवा मासा परत पाण्यात सोडला. मग म्हणाले, "असू द्या. एकांदं गोचीड अंगावर असलं म्हनून मेंढरू मरत न्हाय. राखनारा जागा पायजे."

 मासे कडेला आले होते. सहा महिन्यांत वितीपेक्षा मोठे झालेले, काळ्या कागदावरून त्यांच्या पाठी सरकताना दिसत होत्या. कुणीही अंग घासत नव्हता. जावयांनी दुसरा बूट काढला, दोन्ही बूट बाजेखाली सारखे लावून ठेवले आणि सहज विचारल्यासारखं विचारलं,

"आप्पा, औंदा बोटुकली कधी आणायची?"

 व्याही पाण्याकडेच बघत होते. हातातली पेंड त्यांनी एकदम न टाकता थोडी थोडी सोडली. मग म्हणाले, "पाऊस पडू दे. आन जाशील तवा मला संगं ने. पिल्लं बघून घ्यावी लागत्यात."

"बरं," जावई म्हणाले.

मला भरून आलं. दोघांपुढं रडायचं नव्हतं, म्हणून मी पुन्हा नळीला डोळा लावला आणि काहीतरी फार महत्त्वाचं तपासत असल्यासारखी बसून राहिले. डोळ्यातल्या पाण्यामुळे मला एकही फील्ड धड दिसलं नाही.